छपरावर सूर्य, माजघरात मेणबत्ती

कोकणात छपरावर सोलर बसवताय? बसवाच. मी बसवलंय, तीन किलोवॅट, ७८ हजारांच्या सबसिडीसकट. अनुभवाचे चार बोल फुकट देतो.

आधी मेणबत्त्या आणा. लाईनची वीज गेली की ऑनग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेल्या बिनबॅटरीच्या सोलरचा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो, हे विकणारा सांगत नाही. नियम रास्तच आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच पॅनेलचा शॉक बसायचा. पण आमच्याकडे मृगाचा पहिला शिडकावा झाला की लाईट जाते. परवा चार दिवस गेली होती. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला, लख्ख ऊन पडलं, वर पॅनेल तापून निघालीत आणि खाली फ्रीजमधलं दूध नासलेलं, पंप बंद, मी रहाटावर. शेजारची काकी मोबाईल घेऊन दारात. "तुझ्याकडे सोलर ना रे?" काय सांगू तिला? महावितरणला फोन केला की एकच उत्तर, "काम चालू आहे." मे महिनाभर दर आठवड्याला मान्सूनपूर्व देखभालीसाठी नऊ ते पाच लाईट बंद ठेवलीत ना, मग तारेवर झुकलेली फणसाची ती फांदी कुणाला कशी दिसली नाही? तीच पडली!

नेट मीटरचा, म्हणजे लाईनला दिलेल्या आणि घेतलेल्या विजेचा हिशोब ठेवणाऱ्या मीटरचा, अर्ज करून आलात की एक कलम लावा. आंबे आधी लागतील.

सडा, म्हणजे आमचं कातळाचं पठार, पडीक असतो, हे पाठ करा. नकाशात तसंच लिहितात. त्यावरची कातळशिल्पं, पावसाळी गवत, त्यातून झिरपून खालच्या विहिरींना येणारं पाणी, हे सगळं मनाचे खेळ. प्रकल्प सौर असो की रिफायनरी, जागा सड्यावरच.

मेगावॅट मोजत झोपा. माडबनला, म्हणजे जैतापूर प्रकल्पात, सहा अणुभट्ट्या, दहा हजारांच्या आसपास मेगावॅट, कागदावर. कोयनेचे १,९६०, त्यातले बरेचसे आमच्याच पोफळी गावात तयार होतात. दाभोळच्या वीजप्रकल्पाचं तर विचारूच नका.

बास झाली थट्टा. हजारो मेगावॅटचे आराखडे करता आणि वाडीच्या डीपीला, म्हणजे फ्यूजच्या पेटीला, झाकण नाही, लाज वाटत नाही? ३ जून २०२० ला निसर्ग वादळात खांब आडवे झाले, पुढच्याच वर्षी तौक्ते आलं. खाऱ्या हवेत लोखंड सडतं हे इथलं शेंबडं पोर सांगेल. तारा जमिनीखालून न्या, वाडीपुरती बॅटरी बसवा, मग काय ते हरित कोकण म्हणा. आणि आपण? गणपतीत चार दिवस लाईट टिकली की खूश! ग्रामसभेला किती जण जातो? मागच्या वेळी पाणंदीवरून दोन तास भांडलो, खांबाचा विषय निघेपर्यंत निम्मे उठून गेले. मीही गेलो.

वळणावरचा खांब अजून सुंभाने माडाला बांधलेला आहे. बांधलाय वायरमननेच.