फेझंटचा शिकारी आणि गवताचे बी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या अधिवासासाठी काम करणाऱ्या, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील 'फेझंट्स फॉरेव्हर' या संस्थेच्या स्थानिक शाखेत राबणाऱ्या एका शिकारी स्वयंसेवकावर मी लिहिलेल्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. हौसेखातर पक्षी मारणाऱ्याला संवर्धक म्हणणे ही वाचकांची फसवणूक आहे, हा पहिला. आणि असे लेख वाचून आपल्याकडे तित्तर-लाव्यांसाठी फासे लावणाऱ्यांना आयते समर्थन मिळेल, हा दुसरा. आपण तळमळीने लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आपले एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. लेखात मी प्रत्यक्ष शिकारीबद्दल एक ओळही लिहिली नाही. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी या गृहस्थांबरोबर रानात गेलो होतो. त्यांनी पाडलेला नर माझ्या हातात दिला तेव्हा तो अजून गरम होता आणि मानेभोवतीच्या पांढऱ्या कड्यावर रक्ताचा एक थेंब होता. नंतर त्यांनी त्याच्या गळ्यातली अन्नाची पिशवी चिरून आतले सारे तळहातावर ओतले : सोयाबीन, मक्याचे दाणे, अर्धवट शाबूत नाकतोडे, गवताचे बी. पक्षी सकाळपासून कुठे कुठे चरला असेल, हे ते त्यावरून सांगत होते. मला ते पाहवले नाही, म्हणून मी ते गाळले. ही माझी चूक आहे. शिवाय फेझंट हा तिथला मूळ पक्षीही नव्हे. 1881 साली चीनमधून आणून तो ओरेगॉनात सोडण्यात आला, हेही मी सांगायला हवे होते.

तरीही त्यांना संवर्धक म्हणणे मी मागे घेत नाही. मिनेसोटात नैसर्गिक गवताळ माळ आज मूळच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरला आहे. बाकीचा नांगराखाली गेला. तिथे फेझंटच्या फक्त नरांचीच शिकार करता येते. एक नर अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे पुढच्या वर्षीची पैदास मुख्यतः घरट्याला आडोसा मिळतो की नाही यावर ठरते. हे ओळखूनच 1982 साली सेंट पॉलमध्ये ही संस्था उभी राहिली, आणि शाखेने जमवलेला पैसा कुठे खर्चायचा हे शाखाच ठरवते.

नोव्हेंबरच्या अखेरीस, जमीन गोठू लागली की हे गृहस्थ बादलीत वाळू मिसळलेले गवताचे बी घेऊन, मूठ मूठ फेकत शेताच्या कडेने चालतात. थंडी खाल्ल्याशिवाय त्यातले बरेचसे बी उगवत नाही, म्हणून पेरणी हिवाळ्याच्या तोंडावर. तिसऱ्या वर्षी त्या पट्ट्यात छातीएवढे गवत उभे राहते आणि त्यात ज्यांच्यावर कोणी बंदूक रोखत नाही असे चिमणीएवढे पक्षीही घरटी करतात.

उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा 2019 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की 1970 पासून गवताळ प्रदेशातले पक्षी 53 टक्क्यांनी घटले, तर बदके-हंस 56 टक्क्यांनी वाढले. त्या बदकांच्या पाणथळी राखण्यात 1934 पासून शिकाऱ्यांना घ्याव्या लागणाऱ्या 'डक स्टॅम्प' या सरकारी तिकिटाच्या पैशाचा मोठा वाटा आहे. आज ते 25 डॉलरला मिळते आणि डॉलरमागे 98 सेंट अधिवासासाठी जातात.

आता आपला दुसरा आक्षेप. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो तसाच राहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फासे लावणाऱ्याचे समर्थन माझ्या लेखात कुठेही नाही. परंतु माळढोकाच्या शिकारीला बंदी येऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तो जवळजवळ दिसेनासा झाला, याचे काय? माळाला आपण 'पडीक' म्हटले, नांगरले, त्यावरून विजेच्या तारा ओढल्या. बंदूक थांबवली आणि गवत जाऊ दिले. मला त्या गृहस्थांकडून घ्यावेसे वाटले ते गवताचे वेड. बंदूक त्यांची त्यांच्यापाशी राहू दे.

त्या ऑक्टोबरातल्या सकाळचा परिच्छेद मी या आठवड्यात मूळ लेखात जोडत आहे. आपण तो वाचून पुन्हा लिहावे, ही विनंती.