५ लाखांचं कार्ड आणि बीपीची गोळी

आज सकाळी चौकात नवा फ्लेक्स लागलाय. हात जोडलेले साहेब, खाली कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची रांग आणि मधोमध ‘५ लाखांपर्यंत मोफत उपचार’. बघितलं आणि डोकंच फिरलं. ज्यांना हे राजकारण वाटेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझा मामा कोल्हापूरकडच्या एका खेड्यात शेती करतो. बीपी, शुगर दोन्ही. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणायचा. मध्यंतरी तिथं गोळ्याच येईनात. “स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या.” पुढच्या आठवड्यात तेच. शेवटी केसपेपरच्या मागे औषधाचं नाव खरडून दिलं, बाहेरून घ्या म्हणून. मामानं कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. मेडिकल तालुक्याला, त्यात ऊस लागणीची घाई. त्रास काही होत नव्हता, मग राहू दे. ते ‘राहू दे’ हार्ट ॲटॅकपर्यंत गेलं.

मग मात्र काय थाट! महात्मा फुले योजना, खाजगी हॉस्पिटल, ॲन्जिओप्लास्टी, सगळं सरकारी खर्चानं. मान्य, योजना नसती तर मामाचं रान गहाण पडलं असतं. पण स्टेंटचं बिल मुकाट भरणाऱ्या सरकारला गोळ्यांची एक पट्टी जड होते?

ही योजना चालते ती ॲडमिट झाल्यावर, तेही आजार यादीत बसला तर. रोजच्या गोळीला नाही. म्हणजे आधी नीट आडवे व्हा, मग आम्ही आहोतच! १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले, केसपेपरसुद्धा. छान. कपाट रिकामं असेल तर मोफत काय देणार, कपाळ?

केंद्रातल्या सिस्टरवर राग नाही हं. कंत्राटी पोरगी, स्वतःचाच पगार वेळेवर नाही. मामा घरी आल्यावर तीच चौकशीला येऊन गेली. “आजोबा, गोळ्या असत्या तर दिल्या नसत्या का हो?” म्हणाली. तिला काय बोलणार?

बोलायचं ते वरच्यांना. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. राज्यांनी बजेटचे ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालावेत, तेही २०२० पर्यंत. आपलं प्रगत, पुरोगामी वगैरे राज्य ८ च्या जवळपासही फिरकलेलं नाही. पैसे नाहीत म्हणे. आणि आमच्याकडचे शेतकरी ‘नको, नको’ म्हणून रस्त्यावर उतरले, त्या शक्तिपीठ महामार्गाला ८६ हजार कोटी! ते कुठल्या झाडाला लागले होते?

लाडक्या बहिणीचे १५०० बंद करा, असं मी म्हणत नाही. उगाच अंगावर येऊ नका. आमच्या मामीलाही मिळतात. त्याच पैशातून आता मामाच्या गोळ्या येतात. बहिणीची ओवाळणी सरळ मेडिकलवाल्याच्या गल्ल्यात.

आणि ‘सगळं फुकट कशाला?’ हा शहाणपणा कमेंटमध्ये नको. मामा खताच्या पोत्यावर जीएसटी भरतो, पंपावर डिझेल घेताना कर भरतो. साठी उलटलेल्या माणसाला बीपीच्या गोळीसाठी बायकोपुढे हात पसरावा लागतो, त्याला फुकट्या म्हणायचं असेल तर मला आधी अनफ्रेंड करा.