जेवताना तरी लेकराच्या हाती मोबाईल देऊ नका बाप्पा

आज एकाच्या वावरात रोडग्याचं जेवण होतं. पंगतीत माझ्यासमोर एक दोन वर्षांचं पोट्टं, लोट्याला टेकवून मोबाईल ठेवलेला, कार्टून सुरू, आणि त्याची आजी वरणात कुस्करलेला रोडगा त्याच्या तोंडात कोंबून राहिली. मधात रेंज गेली, व्हिडिओ अडकला, तर तोंडातला घास बाहेर! आणि बाजूचे लोक काय म्हणतात, "लय हुशार आहे, सोताच बोटानं सरकवते." डोकंच फिरलं माझं. कायची हुशारी? त्या लेकराले आपलं पोट भरलं का रिकामं आहे हेच समजेनासं झालं.

मागच्या दिवाळीत बहीण माहेरी आली तेव्हा भाच्याचंही हेच. व्हिडिओ लावल्याशिवाय घास नाही. माय म्हणाली, "ठेव तो फोन देवळीत. भूक लागली का मागल." पहिल्या दिवशी त्यानं ताट भिरकावलं, रडून घर डोक्यावर घेतलं, बहीणही रडकुंडीला आली, पण माय काही हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट्टं खेळून दमलं आणि आपणहून चुलीपाशी येऊन भाकर मागायला लागलं.

आपल्या देशातले लेकरांचे डॉक्टरही हेच सांगतात, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाहीच, घरच्यांशी व्हिडिओ कॉल केला तर चालते, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाचा जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत बसून. इथं तर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होते, ते ऑटोप्ले बंद करता येते हेही कोणी पाहत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव घेतला, अठराच्या आतल्यांना मोबाईल बंद. गावानं हिंमत केली, आवडलं मला. पण दोन वर्षांच्या लेकराले फोन कोण देते? आपणच ना? मग ठराव घरात पाहिजे, आणि तो मोठ्यांनाही लागू पाहिजे. दिवाळीत चौथ्या दिवशी जावई आले, ताटावर बसले आणि रील पाहणं सुरू. भाच्यानं लगेच हात पुढं केला, मलेही पाहिजे! चार दिवसांची मेहनत पाण्यात जात होती. जावयाले बोलणार कोण? मायच बोलली, "जावईबापू, तुमचाही देवळीत ठेवा." त्यांनी ठेवला, राग नाही धरला, चांगला माणूस आहे.

हो, कोरोनात शाळाच मोबाईलवर होती, पोरं त्यावर कविता-पाढे शिकली, मान्य. पण ते जेवताना नव्हतं.

आणि एक सांगतो, मघाशी रागानं लिहिलं पण त्या आजीवर माझा राग नाही. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई, चूल पेटवायची, पाणी भरायचं, लेकरू पदर सोडत नाही, ती फोन देते तर देऊ दे, तिले कोणतं तोंड घेऊन बोलायचं? राग त्या वेळेला पानठेल्यावर रील पाहत उभ्या असलेल्या आपल्या माणसांचा येते. स्वयंपाक होईपर्यंत लेकराले अंगणात न्या, गाई-बकऱ्या दाखवा, तुरीच्या शेंगा सोलायला द्या, निम्म्या सांडल तर सांडू द्या. आणि ताट वाढलं की सगळ्यात आधी आपला फोन देवळीत ठेवा, मग लेकराजवळ बसा.