‘पिओरियात चालेल का?’ : अनामिकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

‘पिओरियात चालेल का?’ या लेखात मी लिहिलं की ‘विल इट प्ले इन पिओरिया?’ (म्हणजे सर्वसामान्य अमेरिकनाला हे पटेल का?) हा वाक्प्रचार अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात जन्मला. त्यावर तुमची प्रतिक्रिया चार ओळींची. पहिल्या तीन नंतर बघू, आधी चौथी : ‘दोन मिनिटं गुगल केलं असतंत तरी ही चूक टळली असती.’

मी सहा वर्षं पिओरियात काढली आहेत. इलिनॉय नदीचा काठ, शिकागोहून गाडीने अडीच-तीन तास. कॅटरपिलरमध्ये नोकरी, आणि हिवाळ्यात पहाटे उठून दारातला बर्फ फावड्याने उपसायचा. ‘विल इट प्ले इन पिओरिया?’ हे मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथल्या न्हाव्याच्या खुर्चीत बसून. नव्या साबणापासून नव्या कायद्यापर्यंत जे काही सर्वसामान्य अमेरिकनाच्या गळी उतरवायचं, ते आधी आमच्यावर करून बघतात, असं तो सांगत होता. त्याला त्याचा अभिमानही होता आणि थोडा रागही. हा राग कुठल्या दोन मिनिटांत सापडतो, ते कळवा.

आणि तो ‘तरी’! ‘तर’ लिहिलं असतंत तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

बरं, मुद्दा. वाक्प्रचार निक्सनच्या काळातला नाही, व्हॉडेव्हिलचा, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या जुन्या अमेरिकन रंगमंचाचा आहे, असं तुमचं म्हणणं. मी ‘जन्मला’ लिहिलं तिथे ‘गाजला’ हवं होतं. एक शब्द. बदलला. फिरत्या कंपन्या पिओरियात खेळ लावायच्या आणि तिथे टाळी पडली की पुढे कुठेही पडेल असं धरून चालायच्या, हे मलाही ठाऊक आहे. पण व्हॉडेव्हिल १९३०च्या दशकात आटोपलं. निक्सनचे सल्लागार जॉन एर्लिकमन सरकारी धोरणांबद्दल ‘हे पिओरियात चालेल’ असं म्हणू लागले नसते, तर ही नटांची बोली नटांबरोबरच गेली असती. माझ्या लेखी तोच खरा जन्म. (‘गाजला’ केलंय, काळजी नसावी.)

‘चालेल’ऐवजी ‘रंगेल’ हवं होतं म्हणता. मूळ शब्द नाटकाचा, कबूल. पण करवाढ कधी रंगलेली पाहिलीत? पिओरियाला मी ‘खेडं’ म्हटलेलं नाही. लाखावर वस्तीचं शहर आहे ते. लेख पुन्हा वाचा.

आणि पुढच्या वेळी खाली नाव लिहा. माझं लेखावर आहे.