टौंगूच्या तळावरून पर्ल हार्बरआधी एकही लढाई झाली नाही

शार्कचे दात रंगवलेल्या लढाऊ विमानांचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. खाली मजकूर असतो तो असा: पर्ल हार्बरच्या कितीतरी आधीपासून अमेरिकन वैमानिक चीनमधल्या गुप्त तळावरून जपानी विमानं पाडत होते आणि त्याचाच बदला म्हणून जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. या भाडोत्री ‘फ्लाइंग टायगर्स’नी झीरो विमानांचा फडशा पाडला, एकूण 297 विमानं पाडली आणि ब्रह्मदेशाचं आकाश एकट्यांनी राखलं. इतिहासाची आवड असलेली माणसंही हा मजकूर खात्री न करता पुढे पाठवतात, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

आधी तळाचं बघू. हे वैमानिक चीनसाठी भरती झाले होते हे खरं. पण 1941 च्या पावसाळ्यात ते उतरले ते ब्रह्मदेशात. पहिली मोठी तुकडी जुलैच्या अखेरीस जहाजाने रंगूनला पोहोचली. तिथून रेल्वेने उत्तरेला, सितांग नदीच्या खोऱ्यातल्या टौंगूला. गावाजवळचा क्येडॉ हा विमानतळ ब्रिटिश हवाई दलाचा. तो त्यांनी सरावापुरता वापरायला दिला आणि तिथून जपानवर हल्ला करायचा नाही, ही अट घातली. ब्रिटनला त्या वेळी जपानशी युद्ध ओढवून घ्यायचं नव्हतं. विमानंही ब्रिटनच्याच वाट्याची होती. कर्टिस कंपनीची शंभर पी-40 लढाऊ विमानं ब्रिटनने चीनसाठी सोडली. ती खोक्यांत भरून रंगूनला आली आणि तिथे जोडली गेली.

आता तारखा. जुलैअखेर ते डिसेंबर या काळात क्येडॉवर काय चाललं होतं? सागवानी बराकी, गवती छप्परं, उकाडा, किडे आणि पाऊस. ते बघून काहींनी लगेच राजीनामे दिले. उरलेल्यांना क्लेअर शेनॉल्ट शिकवत होते. अमेरिकी सैन्यातून निवृत्त होऊन 1937 पासून ते चीनच्या हवाई दलाचे सल्लागार होते. जपानी विमानं कमी जागेत गर्रकन वळतात, तेव्हा त्यांच्याशी वळण्याची स्पर्धा करू नका. उंचावरून सूर मारा, गोळ्या झाडा आणि वेगाने निघून जा, हा त्यांच्या वर्गाचा गाभा. या सरावातच तीन वैमानिक दगावले: सप्टेंबरमध्ये आर्मस्ट्राँग आणि हॅमर, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटकिन्सन. एकाचंही विमान शत्रूने पाडलं नव्हतं. शत्रूच्या ताब्यातल्या बँकॉकवर त्यांचं विमान गेलं 10 डिसेंबरला, म्हणजे 7 डिसेंबरच्या पर्ल हार्बरनंतर, आणि तेही कॅमेरा घेऊन. पहिली लढाई 20 डिसेंबर 1941 ची. हनोईकडून चीनमधल्या कुनमिंगवर चालून आलेल्या, लढाऊ विमानांचं संरक्षण नसलेल्या दहा जपानी बॉम्बफेकी विमानांना त्यांनी गाठलं. दावा कोसळायला ही एक तारीख पुरेशी आहे.

मग ‘बदला’ कुठून आला? यामागे खरा धागा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जुलै 1941 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चीनला बॉम्बफेकी विमानांची दुसरी अमेरिकन तुकडी देण्याच्या योजनेला मंजुरी दिली होती. ती तुकडी लढायला कधीच पोहोचली नाही. उलट जपानी नौदलाचे अ‍ॅडमिरल यामामोतो यांनी पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची कल्पना जानेवारी 1941 मध्येच लेखी मांडली होती, म्हणजे टौंगूत पहिला अमेरिकन पाऊल ठेवण्याच्या सहा महिने आधी. जपानला कात्रीत धरलं ते त्या उन्हाळ्यात अमेरिकेने घातलेल्या तेलबंदीने.

झीरोंचं उत्तर थोडक्यात देता येतं. झीरो हे जपानी नौदलाचं विमान. ब्रह्मदेशात आणि चीनच्या युनान प्रांतात या वैमानिकांसमोर प्रामुख्याने जपानी भूदलाची विमानं होती, ‘नेट’ आणि ‘ऑस्कर’ या टोपणनावांची. वैमानिकांनी स्वतःच प्रत्येक चपळ जपानी विमानाला झीरो म्हटलं आणि तेच रूढ झालं. 297 हा आकडा त्यांच्या नावावर अधिकृतपणे मोजला गेलेला आहे. जपानी नोंदी ताडून पाहिल्यावर तो साधारण 115 पर्यंत खाली येतो. हवेतल्या धुमश्चक्रीत एकच विमान दोघांनी मोजणं सगळ्याच देशांच्या हवाई दलांत घडलं आहे. तुटपुंज्या विमानांनिशी मिळवलेले 115 सुद्धा मोठेच.

‘भाडोत्री’ हा शब्द मला सर्वाधिक खटकतो. पगार भरपूर होता हे मान्य: महिन्याला 600 डॉलरपासून पुढे आणि पाडलेल्या विमानामागे 500 डॉलर. पण ते अमेरिकी सैन्यातून सरकारच्या संमतीने मोकळे केलेले होते, आणि 1991 मध्ये अमेरिकेने त्यांचा हा काळ लष्करी सेवा म्हणून मान्य केला.

आणि ‘एकट्यांनी’? रंगूनवर नाताळात झालेल्या हल्ल्यांच्या वेळी शार्कतोंडी पी-40 च्या बरोबरीने ब्रिटिश हवाई दलाच्या 67 नंबरच्या स्क्वॉड्रनची जुनाट बफेलो विमानं लढत होती. याहून महत्त्वाचं, आणि आपल्याकडच्या मजकुरात कधीच न दिसणारं: अमेरिकन निघून गेल्यावर फेब्रुवारी 1942 च्या सुरुवातीला टौंगूच्या याच तळावर भारतीय हवाई दलाचं 1 नंबरचं स्क्वॉड्रन आलं. त्यांची लायसंडर विमानं मुंबईच्या युद्धनिधीतून मिळालेली, मुळात टेहळणीसाठी बनवलेली आणि संथ. जपान्यांनी तळावर बॉम्ब टाकले, तेव्हा स्क्वॉड्रन लीडर के. के. मजुमदार लायसंडरला बॉम्ब लावून थायलंडमधल्या माए हाँग सॉनच्या जपानी तळावर गेले. सोबतीला संरक्षणासाठी दोन बफेलो होती. पुढे मजुमदारांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. मार्चअखेर टौंगू पडलं, त्याआधीच्या आठवड्यांत ब्रह्मदेशात भारतीय वैमानिक त्याच लायसंडरांतून टेहळणी करत होते, बॉम्ब टाकत होते.