दस्ता लाकडाचा असला तरी परवाना सुटत नाही

निपाणी, खानापूर, बेळगावकडच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: ‘शंभर वर्षं जुनं माऊझर अँटिक, त्याला परवाना लागत नाही. लाकडी दस्ता जोडला की त्याची रायफल होते आणि हजार मीटरवर नेम लागतो. दस्ता म्हणजे नुसतं लाकूड, सुताराकडून करून घ्या. कर्नाटकात तर सूटच आहे.’

दस्ता म्हणजे पिस्तुलाच्या मुठीला जोडून खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. आधी ते अँटिक. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या हत्यारांना सूट आहे खरी, पण अट एकच: दुरुस्त करूनही त्यातून बार निघता कामा नये. जर्मनीत ओबर्नडॉर्फला १८९६ ते १९३७ या काळात बनलेली सी-९६ माऊझर पिस्तुलं आजही चालतात, म्हणजे परवाना आलाच. शंभर वर्षांचा आकडा १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यातला, त्याचा बंदुकीच्या परवान्याशी संबंध नाही. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं पिस्तूलही २०१९ नंतर दोन हत्यारांच्या मर्यादेतच मोजतात.

‘रायफल होते’ हे अमेरिकेतून आलंय. तिथे १९३४ च्या कायद्याने १६ इंचांहून आखूड नळीच्या पिस्तुलाला दस्ता जोडला की ती आखूड रायफल ठरते, आणि काही जुन्या मॉडेलांना मूळ दस्त्यासह त्यातून वगळलंय. ती सवलत कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडेही लागू नाही, पलीकडेही नाही.

हजार मीटर कुठून आले? सी-९६ च्या मागच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर, तेवढे आकडे कोरलेत, म्हणून. नळी जेमतेम १४० मिमी, गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४३० मीटर. दस्त्याने त्यात काडीची भर पडत नाही. खांद्याचा टेकू मिळून हात हलायचा थांबतो, इतकंच. तोफखान्यासाठीच्या लुगर या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाची नळी २०० मिमी होती आणि तिच्या साइटवर ८०० पर्यंतच आकडे होते. कोरलेला आकडा म्हणजे लागलेला नेम नव्हे.

आता ‘नुसतं लाकूड’. खरा घोटाळा इथे आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे त्याचे भागही. किरकोळ भागांना कलम ४५ सूट देतं, पण तो भाग तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जवळच्या जोडीच्या भागासोबत वापरायचा नसेल तरच. म्हणजे शोकेसमधला एकटा दस्ता वेगळा आणि कपाटात जुळणारं पिस्तूल असताना ठेवलेला दस्ता वेगळा. नवा घडवणं किंवा पिस्तुलात फेरबदल करणं कलम ५ च्या कक्षेत येतं. सुताराला माप देण्याआधी डीसी ऑफिसात लेखी विचारा.

शिवाय प्रत्येक पिस्तुलाला दस्ता बसतच नाही. सी-९६ च्या मुठीच्या मागे उभी खोबण असते, त्यात दस्त्याची लोखंडी जीभ सरकते आणि खिटी अडकते. लुगरला मुठीच्या मागे खाली एक उंचवटा लागतो. पी-०८ या जर्मन लष्कराच्या लुगरवर तो १९१३ पासून आला. त्याआधीच्या पी-०८ सोबत दस्ता विकायला आला, तर जोड मागाहून जमवलेली आहे. उंचवटा वेल्ड केलेला असेल, तर पिस्तूलही गेलं आणि किंमतही. सी-९६ च्या दस्त्याच्या लोखंडावर बरेचदा पिस्तुलाचाच नंबर असतो. अंक नवे, चकचकीत आणि भोवतालचं लोखंड झिजलेलं, तर नंबर मागाहून ठोकलाय. लाकडाला पॉलिशपेपर लावू नका, शिक्के जातात.

कर्नाटकातली सूट कोडगूची. कोडवा समाज आणि तिथले जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारक यांच्यापुरती, २०२९ पर्यंत. बेळगाव, चिकोडी, खानापूर त्यात कुठेच बसत नाहीत. उलट कोल्हापूरकडे निघण्याआधी परवान्यावर कोणतं क्षेत्र लिहिलंय ते बघा. ‘कर्नाटक’ एवढंच असेल तर पिस्तूल घरी ठेवून जा.

आणि सी-९६ चा दस्ता आतून पोकळ, पिस्तूल ठेवायची पेटीच असतो; पावसाळ्यात पिस्तूल त्यात बंद करून ठेवू नका. लाकूड ओल धरतं, खानापूरच्या पावसात तर जास्तच. पिस्तूल तेलाचा हात फिरवून वेगळं ठेवा, दस्ता वेगळा.