शेप जुना, रोगही जुनाच!
अरे तो जुना गाजलेला वायरवाला गेमिंग माऊस परत काढला म्हणून हौसेने घेतला, शेप तोच, हातात मस्त बसतो, सेन्सर पण भारी, पण डबल क्लिक काही पिच्छा सोडत नाही राव! एकदा दाबा, दोनदा लागतं, फाईल ओढायला जावं तर मधेच सुटते. आतल्या स्विचची बारीक पत्री सैल पडते नाहीतर टोकं झिजतात, बास. ऑप्टिकल स्विच प्रकाशावर चालतो, तिथे ही भानगडच नाही, मग नवीन काढताना तो टाकायला काय धाड भरली होती? एमजी रोडवरचा दुरुस्तीवाला आता बघूनच हसतो, "दादा, परत लेफ्ट क्लिक का?" आणि ती कापडी वायर, तिचं तर बोलूच नका, टेबलाच्या कडेला रोज अडकते.